थेंबवाली आणि अठरा पाकळ्या

त्या कंपनीपायी मी आयुष्यात तीनदा मार खाल्ला आणि एकदा दिला. खाल्लेला पचवला. दिलेला पचला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की अर्धे वाचक माझ्या बाजूचे होतील, अर्धे माझ्यावर तुटून पडतील आणि पुढचं कोणीच धड वाचणार नाही. एवढंच सांगतो की तिच्या लॅपटॉपच्या झाकणावर पाण्याच्या थेंबाची चंदेरी खूण असते. माझे वडील तिला ‘थेंबवाली’ म्हणायचे, आणि तेही अशा सुरात की शेजाऱ्यांना वाटावं, पोरगा कुठल्यातरी बाईच्या नादाला लागलाय. तसं पाहिलं तर फार चुकीचं नव्हतं ते.

आम्ही डहाणूजवळच्या मसोलीचे. वडील डाय बनवायचे. डहाणूबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. सोन्याच्या दागिन्यावर जी पानंफुलं दिसतात, ती सोनार दर वेळी हाताने काढत नाही. पोलादाच्या ठोकळ्यात ती नक्षी उलटी, खोल कोरलेली असते. त्यावर पत्रा ठेवून दाबला की नक्षी उठते. तो ठोकळा म्हणजे डाय. आमच्या पट्ट्यात एके काळी घराघरातून छिन्नी-हातोडीचा आवाज यायचा. पुढे दुसऱ्या शहरांत कॉम्प्युटरवर डाय निघायला लागल्या आणि इथले आवाज एकेक करून बंद पडले. आमच्या पत्र्याच्या शेडमधला चालू राहिला तो एकाच व्यापाऱ्यामुळे. तो मुंबईहून यायचा, “काका, तमारा हाथची पाकळी दुसरा कोई काढत नाय,” असं अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या मराठीत म्हणायचा आणि वर्षाकाठी चारपाच डाय न्यायचा. हा गेला की शेडला कुलूप, हे आमच्या घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

वडिलांचा हात पाकळीवर जितका हलका, तितका माणसावर जड होता. माझा रागही त्यांच्याचकडून आलेला. आई गंजाडची, शांत बाई. ती म्हणायची, “दोन सुतळी बॉम्ब घेऊन संसार करते मी.”

पहिला मार मी कॉलेजात असताना खाल्ला, तलासरीच्या एसटी स्टँडवर. थेंबवालीचा जुना, कुणीतरी वापरून टाकलेला लॅपटॉप तेव्हा नुकताच माझ्याकडे आला होता. एका चिकूवाडीवाल्या शेठच्या मुलाने नवा घेतला आणि जुना मला दिला. झाकण उघडलं की हलकासा सूर वाजायचा. त्या सुरावर मी जीव ओवाळून टाकला. मग कंपनीचा प्रत्येक नवा फोन, प्रत्येक नवं घड्याळ, प्रत्येक अपडेट मला तोंडपाठ. घेण्याची ऐपत नव्हती, पण कुठल्या फोनची काच किती जाड हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. माझा एक मित्र उधव्याचा. त्याच्या हातात दुसऱ्या कंपनीचा फोन. स्टँडवर तो सगळ्यांसमोर म्हणाला, “तुजी कंपनी दर साली तोच मडका विकते. रंग तेवढा नवा.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याचा फोन हिसकावून समोरच्या घाणेरीच्या झुडपात भिरकावला. त्याने आधी शांतपणे जाऊन फोन शोधला, पुसला, खिशात ठेवला आणि मग मला बडवलं. खालचा ओठ फाटला, पुढचा एक दात अर्धा उडाला. तो दात अजून तसाच आहे. मित्र मात्र टिकला, कारण तुडवून झाल्यावर त्यानेच मला पाणी आणून दिलं.

दुसरा मार वडिलांचा. कंपनीचा नव्या वस्तूंचा कार्यक्रम असायचा, तो आपल्याकडे संध्याकाळी दिसायचा. मी तेव्हा बावीस-तेवीसचा असेन, शेडमध्ये हाताखाली काम करत होतो. कोरून झालेल्या डायला पाणी द्यायचं असतं. म्हणजे ती भट्टीत लाल करायची, नेमका रंग आला की सांडशीने उचलायची आणि तेलात बुडवायची. मग ती कडक होते. रंग पुढे गेला की डाय फुकट. त्या संध्याकाळी वडील जेवायला गेले होते आणि भट्टीवर मी होतो. एका हातात फोन. मंचावरचा माणूस नवीन लॅपटॉपचं झाकण एका बोटाने उघडून दाखवत होता, आणि मी त्या बोटाकडे बघत बसलो. शुद्धीवर आलो तेव्हा डाय पिवळी झाली होती. घाबरून तशीच उचलून तेलात टाकली. कडकन आवाज आला. बाहेर काढली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

वडील ताटावरून उठून आले. त्यांनी डाय पाहिली, फोन पाहिला, माझ्या हातातली सांडशी घेतली आणि तिनेच मला झोडलं. ती अजून गरम होती. डाव्या दंडावर वीतभर डाग उठला आणि कातडी सोलून निघाली. आई मध्ये पडली तर तिलाही कोपर लागलं. मी शेडच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो, आणि खरं सांगतो, त्याही वेळी मला फोनमधून येणाऱ्या टाळ्या ऐकू येत होत्या.

मारून झाल्यावर वडिलांनी ती तडकलेली डाय एरणीवर ठेवली आणि घण उचलला. बिघडलेली डाय रात्रभर शेडमध्ये ठेवायची नाही, ही आमच्या घरची रीत. ज्याच्या हातची डाय, त्यानेच तिच्या तोंडावर घाव घालून नक्षी मोडायची. आजोबा तसंच करायचे. वाईट डाय चुकून बाजारात गेली तर चांगला हात बदनाम होतो, एवढं साधं कारण. त्या दिवशी पहिल्याच घावाला तिचे दोन तुकडे झाले. वडिलांनी ते भंगारात टाकले आणि पुन्हा जेवायला गेले.

त्यानंतरची दहाबारा वर्षं कशी गेली ते सांगायची गरज नाही. वडील थकले. बारीक दाणे कोरताना त्यांचा हात हलायला लागला. पाकळीसारखी वळणदार रेघ ते अजून डोळे झाकून काढत, पण कडेने सारख्या मापाचे दाणे पाडायचे तर दहातले दोन वाकडे जात. व्यापाऱ्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. मी तोवर छोटं कोरणीचं मशीन घेतलं होतं आणि ते थेंबवालीला जोडलं होतं. वडील सहा महिने त्या मशीनच्या बाजूला थुंकतसुद्धा नव्हते. मग एके दिवशी मी पाडलेली दाण्यांची ओळ त्यांनी भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “दाणा ठीक आहे. पाकळीला हात नाय लावायचा तिने.” तेव्हापासून कामाची वाटणी ठरली. पाकळ्या त्यांच्या आणि कडेचे दाणे मशीनचे. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी दुकानात जाऊन उगाचच पेढे घेऊन आलो.

त्या साली व्यापाऱ्याने दिवाळीसाठी एक पदक सांगितलं. मोठं, गोल, अठरा पाकळ्यांचं. जाताना शेडच्या दारात थांबून म्हणाला, “काका, आ छेल्लो, शेवटचा चान्स समजो. भागीदार बोलतात, बधू मशीनवर करून टाक. मी त्यांना बोललो, एक वार काकाचं पदक बघा.” वडील दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कामाला बसले आणि एकोणीस दिवस बसले. अठराच्या अठरा पाकळ्या हाताने कोरल्या. प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक बारीकशी मुरड होती. मी ती भिंगातून पाहिली आणि अठराच्या अठरा पुन्हा मोजल्या. आता फक्त कडेचे दाणे पाडायचे बाकी होते, म्हणजे माझं काम.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडू घालतात आणि मग दसरा उलटेपर्यंत कशालाही हात लावत नाहीत. त्या वर्षी पहिल्यांदाच वडील मला म्हणाले, “तुझ्या थेंबवालीला पण आण. ती पण कामाचीच आहे.” मी लॅपटॉप आणला. छिन्न्या, कानशी, घण आणि त्यांच्या शेजारी तो. आईने थेंबावर कुंकवाचं बोट लावलं. एवढा मान त्या कंपनीच्या मालकालाही कुणी दिला नसेल.

आणि मी काय केलं? दोनच दिवसांपूर्वी कंपनीने मोठं अपडेट सोडलं होतं. वर्षातलं सगळ्यात मोठं. जगभरचे लोक ते टाकून मोकळे झाले होते, फोटो टाकत होते, भांडत होते. मी आजवर प्रत्येक अपडेट पहिल्या दिवशी टाकलं होतं. हा माझा मान होता, माझ्यापुरता का होईना. आरती झाली, आई नैवेद्य आणायला आत गेली, वडील हात धुवायला गेले. मी झाकण वर केलं, फोनचं इंटरनेट जोडलं, आलेल्या पानभर सूचना न वाचता ‘मान्य’ दाबलं आणि झाकण हलकेच टेकवलं. झेंडूच्या माळेखाली लॅपटॉप घरघरायला लागला.

आईने ऐकलं. “अगंबाई, देवासमोर काय गुरगुरतंय?” वडील पंच्याला हात पुसत आले. वाकून पाहिलं. फटीतून उजेड येत होता.

“आज हात लावायचा नसतो हे तुला ठाऊक नाय?”

“हात कुठे लावला? ते आपोआप होतंय,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. मी चौतीस वर्षांचा होतो. कानात शिट्टी वाजली आणि गालाच्या आतून रक्ताची चव आली. बायकोपोरं नव्हती म्हणून बरं, नाहीतर तिथेच त्यांच्यासमोर जमिनीत गेलो असतो. हा तिसरा मार. तो दिवस आणि दसऱ्याचा दिवस मी आतल्या आत उकळत काढला. सोनं द्यायला लोक आले, मी त्यांच्या पाया पडलो, आपटा घेतला आणि मनात एकच वाक्य घोळवत राहिलो: आता पुन्हा हात उचलला तर बघा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाय मशीनच्या शिकंज्यात धरली आणि पान्याने आवळली. लॅपटॉप शेजारी, वीतभर अंतरावर. नव्या अपडेटने सगळं चकाचक दिसत होतं. वडील स्टुलावर बसले होते. मी बटण दाबलं.

मशीनच्या कटरने पोलादाच्या तोंडाशी येऊन तिथून मोजकंच खाली जायचं असतं. ते तोंड कुठे सुरू होतं हे लॅपटॉपने लक्षात ठेवलेलं असतं, त्याला आम्ही झीरो म्हणतो. अपडेटनंतर तो झीरो पुसला गेला होता. कंपनीने सूचनेत लिहिलंही होतं की जुनी यंत्रं जोडलेली असतील तर मापं पुन्हा घालून घ्या. मी ते वाचलं नव्हतं. खंडेनवमीचा नियम मोडला म्हणून काही झालं नाही, वाचलं नाही म्हणून झालं. कटर थांबलाच नाही. तो सरळ खाली गेला, पाकळ्यांत घुसला आणि किंचाळत आडवा धावला. एक, दोन, तीन, चार पाकळ्या नांगरून काढल्या आणि मग मोडला. मोडलेला तुकडा माझ्या भुवईत शिरला. वडिलांनी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

रक्त डोळ्यात उतरत होतं. मी एका डोळ्याने पाहत होतो. वडिलांनी भिंग घेतलं, डायवर धरलं, खाली ठेवलं. एकोणीस दिवस त्या भिंगाखाली होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते वळले, कोपऱ्यातला घण उचलला आणि मशीनकडे आले.

मला फक्त लॅपटॉप दिसला. थेंबावर कालपरवाचं कुंकू होतं. माझ्या हातात पाना होता. ‘बाबा, थांबा,’ असं तरी म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. दोन दिवस जे उकळत होतं ते हातात आलं आणि मी त्यांच्या उजव्या मनगटावर पाना घातला. पूर्ण ताकदीनिशी.

हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो. घण माझ्या पायाशी पडला. वडील गुडघ्यावर बसले, मोडलेला हात डाव्या हातात धरून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “डाय मोडत होतो रे.”

लहानपणापासून पाहिलेली रीत. बिघडलेली डाय तशी ठेवायची नाही. त्यांची नजर लॅपटॉपवर नव्हतीच. तो वाचवायचा होता फक्त मला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? वडील म्हणाले, “एरणीवर पडलो.” डॉक्टरांनी माझ्या भुवईकडे पाहिलं. “हा पण पडला,” वडील म्हणाले. ते आत एक्स-रेसाठी गेले आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. तिथे मी काय केलं तेही लिहितो, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी फोन काढला आणि अपडेटनंतर आणखी कुणाचा झीरो गेलाय का ते शोधलं. बऱ्याच जणांचा गेला होता. मी त्यांच्याशी दहा-पंधरा मिनिटं लिहून बोललो, कंपनीला शिव्या घातल्या, उपायही सापडला. आई समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, “ठेव तो. नाहीतर मी तुझा हात मोडीन.” तिने आयुष्यात कुणाला धमकी दिलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

संध्याकाळी प्लास्टर घालून घरी आलो. वडील बिछान्यावर न जाता शेडमध्ये गेले, स्टुलावर बसले. “ती काढ,” म्हणाले. मी डाय शिकंज्यातून सोडवून एरणीवर ठेवली. “आता तूच मोड. माझा हात नाय.” मी घण उचलला. पाणी न दिलेली डाय मऊ असते. पहिल्या घावाला पाकळ्या दबल्या, दुसऱ्याला एकमेकींत मिसळल्या. मी हुंदके देत घाव घालत राहिलो, तीन-चार नव्हे, कितीतरी. नक्षी सपाट झाली तरी थांबलो नाही. शेवटी वडील म्हणाले, “बस झाला. मेली ती.”

व्यापाऱ्याला मीच फोन केला. “काकाला सांभाळ,” तो म्हणाला आणि त्यानंतर आला नाही. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट बाहेरच्या बाजूला वाकलेलं होतं आणि मूठ अर्धीच मिटत होती. त्या मुठीत छिन्नी राहत नाही. मी आता डहाणू रोडला लोकांचे फोन आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पोट चालतं. वडील दुपारी दुकानात येऊन बसतात, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. त्यांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. रागावलेही नाहीत कधी. मला वाटायला लागलं होतं की त्यांनी माफ केलं असावं.

मध्यंतरी कंपनीचा कार्यक्रम होता. हो, मी अजून बघतो. सुटलेलं नाही, आणि सुटलं असं खोटं सांगणार नाही. दिवेलागणीची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, वडील माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्या फोनमध्ये डोकावत होते. ज्या गोष्टीची मी चार वर्षं वाट बघत होतो ती त्या माणसाने मंचावर जाहीर केली. मी आनंदाने ओरडलो आणि हात वर केला, क्रिकेटमध्ये चौकार गेल्यावर करतो तसा.

वडील खुर्चीत आक्रसले. मान खांद्यात गेली, डोळे मिटले आणि ते वाकडं मनगट चेहऱ्यासमोर आडवं आलं. हे सगळं एका क्षणात झालं. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने मी लहानपणी पलंगाखाली शिरायचो, तो माणूस माझ्या हाताला भिऊन बसला होता.

मी हात खाली घेतला. वडिलांनी डोळे उघडले, मनगट सावकाश मांडीवर ठेवलं आणि ओशाळून हसले.

“काय नाय रे,” म्हणाले. “चालू दे तुझं.”